हातातला रस्ता

गनीभाऊंच्या दोन्ही चपला एकाच वेळी कोरड्या असलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. एक तरी ओली असायचीच. कारण त्या चपला भाऊंच्या पायात कमी आणि जेट्टीच्या फळ्यांवर जास्त असत. कुणी नवीन माणूस बोट शिकायला आला की भाऊ त्याला इंजिन दाखवत नसत, स्टेअरिंगला हात लावू देत नसत. अनवाणी उकिडवे बसायचे, दोन्ही चपला फळीवर मांडायचे आणि म्हणायचे, "ही तुमची बोट. ही त्येंची." मग तोंडानं इंजिनाचा बारीक आवाज काढत चपला दोन दोन बोटांनी सरकवायचे. एखादी घसरून पाण्यात पडली तर बांबूनं ओढून घ्यायचे आणि तशीच ओली पुढे चालवायचे. वर कठड्याला टेकलेले पुण्या-मुंबईचे पर्यटक मोबाइल काढून हे चित्र टिपायचे. पांढरी दाढी, डोक्याला मफलर, आणि एवढा मोठा माणूस चपलांशी खेळतोय. भाऊंना त्याचं काही नसायचं.

पवना धरणाच्या पाण्यावर आमचा बोटिंगचा पॉइंट आहे. आठ माणसं बसतील अशा मोटारबोटी, पायानं मारायच्या पेडल बोटी, एखादी वल्ह्याची होडी. समोर तुंगचा डोंगर. मी हिंगोलीकडची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. नवऱ्याला इथल्या तंबूवाल्यांकडे स्वयंपाकाचं काम लागलं म्हणून त्याच्यामागे आले आणि लाइफ जॅकेट बांधायच्या कामाला लागले. आमच्याकडे पाणी म्हणजे टँकरच्या मागे धावायची गोष्ट. इथे ते डोळ्यांत मावत नव्हतं. पहिले कित्येक दिवस मी जेट्टीच्या मधल्या फळीवरूनच चालायची.

भाऊ जवळच्याच गावचे. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी ट्रकवर काढला, लोणावळ्यावरून घाट उतरायचा आणि चढायचा. ट्रक सुटल्यावर पाण्यावर आले आणि सगळ्या बोटवाल्यांचे भाऊ झाले. आमच्या पॉइंटचे आणि शेजारच्यांचेही निम्मे चालक त्यांच्या चपलांवर शिकलेले. पाण्यावर ते कुणालाही अरे-तुरे करत नसत. कालपर्यंत ज्याला गल्लीत "ए बाळ्या" म्हणायचे, तो स्टेअरिंगवर बसला की "बाळासाहेब, जरा दमानं." मी कारण विचारलं होतं. ते म्हणाले, "अरे म्हनलं की समोरचा ल्हान होतो. ल्हान मानसाला कोन वाट देतं?"

त्यांचे नियम थोडेच होते. उजव्या अंगानं येणारा थोरला, त्याला वाट द्यायची. समोरासमोर आलात तर दोघांनी आपापल्या उजवीकडं. वल्ह्याची होडी दिसली की इंजिनवाल्यानं गुमान बाजूला व्हायचं, मग ती कुठल्याही अंगानं येऊ दे. हे सगळे पटकन सांगून व्हायचे. शेवटचा एक मात्र ते थांबून, चपला हातात धरून सांगायचे.

"ज्याला वाट हाय, त्यानं सरळ जायाचं. मधीच मोठेपना करून वळायचं न्हाई. तुमी सरळ ऱ्हाता, म्हनून समोरच्याला कळतं त्यानं कुटं वळायचं."

मी भित्री, म्हणून माझा प्रश्न ठरलेला. समोरचा वळलाच नाही तर?

"मग इंजिन बारीक करा अन् जीव वाचवा. मढ्याला वाट मिळून काय करायचं?"

नव्यानं लग्न झालेली दोन जोडपी एकदा दोन पेडल बोटींत समोरासमोर आली. हे म्हणतात तुम्ही जा, ते म्हणतात नाही नाही, आधी तुम्ही. दोघांनीही चांगुलपणानं मागेपुढे करत एकमेकांच्या बोटीला धडक दिली आणि चौघंही हसत सुटली. जेट्टीवर आम्हीही हसलो. भाऊ हसले नाहीत. ती माणसं उतरल्यावर त्यांना म्हणाले, घरात करा हे पाव्हणं, पाण्यावर नको. आणि वाट मिळाल्यावर हात हलवून थँक्यू म्हणायचं, तेही त्यांना चालत नसे. आभार मानायला हात सुटतो आणि हात सुटला की बोट सुटते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे पाण्यावर त्यांना कुणी हात केला तरी ते कधी उलटा हात करायचे नाहीत. नवख्याला वाटायचं, म्हातारा भारी शिष्ट आहे.

हे नियम त्यांच्याबरोबर जमिनीवरही यायचे. पवनानगरच्या बाजारात उजव्या बोळातून कुणी येताना दिसलं की भाऊ थांबलेच. एकदा शेळी येत होती, तिच्यासाठीही थांबले. मागून रशिदाभाभी, त्यांच्या घरच्या, पिशवी सावरत म्हणाल्या, "धरन धरनात ऱ्हाऊ द्या. कोथिंबीर संपंल तंवर शेळीला सलाम करत बसा."

मला त्यांनी शिकायला बसवलं त्या दिवशी खरं तर गावातले दोन तरणे पोरगे शिकायला आले होते. दोघंही मोटारसायकलवर रुबाबात आलेले. मी मागे जॅकेटं वाळत घालत चपलांचा खेळ बघत होते. भाऊंनी त्या दोघांना काहीबाही विचारलं आणि एकदम मान वळवली.

"शोभाताई, तुमाला गाडी येती का चालवाया?"

"नाही."

"सायकल?"

"नाही हो भाऊ."

"बैलगाडी तरी हाकली आसंल."

"वडिलांनी कासऱ्याला हात लावू दिला नाही कधी."

"मग या, बसा हितं."

सगळे हसले. मॅनेजर म्हणाला, भाऊ, थट्टा पुरे, जॅकेटं कोण बांधणार? भाऊ म्हणाले, जॅकेट कुणीबी बांधील. असे हात मला सगळ्या मावळात हुडकून मिळायचे न्हाईत. मला वाटलं आपलीच मजा चाललीय. रात्री मी नवऱ्याला हात दाखवून विचारलं, यात काय आहे? तो म्हणाला, कांद्याचा वास आहे.

पण भाऊंची थट्टा नव्हती. रोज सकाळी गर्दी व्हायच्या आधी ते मला पाण्यावर न्यायचे. मी स्टेअरिंग घट्ट धरून बसायची आणि ते शेजारी बसून, मफलर सोडून पुन्हा बांधत, एकच वाक्य बोलायचे. "बोटीला बिरेक नसतो ताई. म्हनून आधी बघायचं." पाण्याची भीती गेली नाही माझी, अजूनही गेलेली नाही. पण भीतीला बसायला एक जागा मिळाली. मी आधी उजवीकडे बघते, मग समोर, मग मागे. भाऊ म्हणायचे, भ्यालेलं मानूस चांगलं बगतं.

भाऊंच्या नेहमीच्या बोटीत, चालवताना त्यांचा उजवा पाय असायचा तिथे, रबरी मॅटला भोक पडलेलं होतं. आतली फळीही घासून गुळगुळीत झालेली. मला वाटायचं जुनी बोट आहे, झिजली असेल.

एका सकाळी मी शेजारी होते आणि भाऊ चालवत होते. पाणी आरशासारखं, तुंग त्यात उलटा पडलेला. अचानक पेडल बोटींच्या रांगेमागून एक वॉटर स्कूटर सुटली ती सरळ आमच्या तोंडावर. भाऊंनी स्टेअरिंग फिरवलं. डावीकडे. त्या स्कूटरवाल्याला कसलाच नियम माहीत नसावा, तोही आपला त्याच्या डावीकडे गेला, म्हणून दोघं सुटलो. त्यानं नियम पाळला असता तर आम्ही सापडलो असतो.

भाऊंनी इंजिन बंद केलं. त्यांचा उजवा पाय मॅटच्या त्या भोकात रुतलेला होता. नसलेला ब्रेक सगळ्या ताकदीनं दाबत होता. चेहरा राखेसारखा. पाय काढून घेत ते म्हणाले, "वारा व्हता."

मी म्हटलं, "हो भाऊ."

त्यानंतर चार-पाच दिवस ते माझ्याशी मोजकंच बोलले. मग एकदा दुपारी, पॉइंटवर कुणी नसताना, चहाचा कप फळीवर ठेवून आपणहून सांगितलं. "जिंदगीभर डावीकडं गेलो मी. घाटात समोरनं गाडी आली की डावी. झोपंत सुदिक डावी. ह्ये पानी उजवं मागतंय. शांतपनी मागितलं तर देतो. पन भ्यालो की हात मला इचारत न्हाई, ताई." मग माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "तुमच्या हातात रस्ताच न्हाई. म्हनून बसवलं तुमाला."

मला त्या वेळी काय वाटलं ते मला नीट लिहिता येणार नाही. आयुष्यभर लोकांनी मला काय काय येत नाही ते मोजून दाखवलं होतं. शाळा नाही, गाडी नाही, पोहणं नाही. त्या नाहीपणातच कुणाला काही उपयोगाचं दिसलं, असं पहिल्यांदा घडत होतं. आणि हेच भाऊ तासाभरानं आठ माणसं घेऊन निघणार होते.

मी म्हटलं, भाऊ, तुम्ही थोडे दिवस काठावरच शिकवा ना.

"काठावर बसलेला ड्रायव्हर कसा आसतो, ते रशिदाला इचारा. ट्रक सुटला तवा दोन वरीस बसलो व्हतो. भिंतीशी भांडायचो." मग म्हणाले, "हुईल. हाताला सवय लावतो."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या उजव्या मनगटाला लाल फडकं बांधलेलं दिसलं. वळायची वेळ आली की ते दिसावं म्हणून. पॉइंटवरच्या लोकांना वाटलं कुठल्या तरी दर्ग्याचा नवस असेल. कुणी विचारलं तर भाऊ म्हणायचे, व्हय, नवसच हाय.

तेव्हापासून भाऊंची बोट भरून निघाली की ती परत येईपर्यंत माझं लक्ष हातातल्या कामात नसायचं. जॅकेटांचे पट्टे मी इतके ओढून बांधायला लागले की एक बाई म्हणाली, अहो ताई, श्वास तरी घेऊ द्या. भाऊंना ते कळत होतं. जाताना ते माझ्याकडे न बघता लाल फडक्याची गाठ तेवढी आवळून घ्यायचे.

जोडून सुट्ट्या आल्या होत्या. पाण्यावर नुसती जत्रा. आमच्या जेट्टीसमोर पाण्यातून वर आलेली एक टेकडी आहे, बेटासारखी. तिच्या अलीकडून भाऊ निघाले, बोटीत एक कुटुंब. तिच्या पलीकडून शेजारच्या पॉइंटचा संतोष आला. संतोष भाऊंचाच शिष्य, तिशीतला, बोटीवर मोठ्यानं गाणी लावणारा, जरा दामटून चालवणारा. टेकडीच्या टोकाला दोघं एकदम समोरासमोर आले. मी जेट्टीवरून बघत होते. संतोषची बोट तुंगच्या बाजूला वळली. आणि भाऊंचीही तुंगच्याच बाजूला वळली.

आवाज नंतर ऐकू आला. आधी नुसतं दिसलं.

भाऊंच्या बोटीतली एक लहान मुलगी पाण्यात पडली होती. तिचं जॅकेट मी बांधलं होतं. ते केशरी ठिपक्यासारखं वर आलं आणि मी खाली फळीवर बसले. तिला लगेच उचललं, तिला खरचटलंही नव्हतं. संतोष मात्र बोटीच्या काठावर आपटला होता. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. त्याला लोणावळ्याला दवाखान्यात नेलं.

तीन दिवसांनी दोन्ही पॉइंटचे मालक, गावचे पोलीस पाटील आणि सगळे बोटवाले आमच्या जेट्टीवर बसले. संतोष हात गळ्यात बांधून आला होता. चूक कुणाची ते ठरायचं होतं, आणि ज्याची ठरेल त्याला या पाण्यावर पुन्हा बोट मिळणार नव्हती. खरं तर ठरल्यासारखंच होतं. आमचे मालक म्हणाले, संतोषचं चालवणं सगळ्यांना माहीत आहे, आणि भाऊ काही चुकायचे नाहीत. त्याचे स्वतःचे मालकही मान हलवत होते. पोलीस पाटलांनी संतोषला विचारलं, तुझं काय म्हणणं?

संतोष खाली बघत होता. म्हणाला, "मी तर उजवीकडंच घेतली. पन समोर भाऊ व्हते. म्हंजे माझंच कायतरी चुकलं आसंल."

हे तो वाईट वाटून घेऊन बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. उजवं कोणतं आणि डावं कोणतं, हेच तो तीन दिवस मनात तपासत बसला असावा.

मग मॅनेजर माझ्याकडे वळला. "शोभा, तू होतीस ना जेट्टीवर? काय दिसलं तुला?"

ज्या माणसामुळे मी या पाण्यावर माणूस म्हणून उभी होते तो एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला गळ्यात हात बांधलेला संतोष. मी उभी राहिले. तोंड उघडलं की नाही मला आठवत नाही.

"त्येंना नका इचारू," भाऊ म्हणाले. "बसा ताई."

त्यांनी पायातल्या चपला काढल्या. मध्ये येऊन उकिडवे बसले आणि नेहमीसारख्या त्या फळीवर समोरासमोर मांडल्या. या वेळी तोंडानं इंजिनाचा आवाज काढला नाही.

"ही संतोषरावांची. उजवीकडं गेली. मी शिकवलं तशीच, अगदी तशीच. ही माझी." लाल फडकं बांधलेल्या हातानं त्यांनी दुसरी चप्पल डावीकडे सरकवली, दोन्ही एकमेकींवर चढेपर्यंत. "ह्यो हात डावीकडं गेला."

आमच्या मालकांना ते आवडलं नव्हतं. ते म्हणाले, भाऊ, पाण्याला ओढ असेल त्या टोकाला.

"धरनात कुटली आलीय ओढ, मालक? ट्रकची ओढ व्हती." मग ते संतोषकडे वळले. इतका वेळ सगळ्यांदेखत अहो-जाहो चाललं होतं. आता आवाज उतरला. "पोरा, तुजं उजवं बरोबर व्हतं. कुनी कायबी म्हनू दे, उद्या माझ्यावानी धा जन समोर आले तरी, तू उजवीकडंच जा."

संतोष रडायला लागला. मोडलेल्या हाडाचं त्याला तीन दिवसांत रडू आलं नव्हतं, असं त्याची आई नंतर सांगत होती.

भाऊंनी बोटीची किल्ली मालकांपुढे ठेवली आणि निघाले. चपला तशाच राहिल्या, एकीवर एक चढलेल्या. मी हाक मारली, पण ते वळले नाहीत. जेट्टीच्या टोकाशी उजवीकडून पाण्याची घागर घेऊन कुणी बाई येत होती, तिच्यासाठी तेवढे थांबले.

पुढच्या आठवड्यात भाऊंची बोट सध्यापुरती म्हणून माझ्याकडे आली आणि माझ्याकडेच राहिली. पहिल्या दिवशी बसले तेव्हा माझा उजवा पाय मॅटच्या भोकात गेला. मॅनेजर म्हणाला, नवीन मॅट टाकू. मी म्हटलं, राहू दे.

भाऊंकडे मी दोनदा गेले. चपला धुऊन, पिशवीत घालून नेल्या होत्या. दोन्ही वेळा भाभी म्हणाल्या, आत्ताच बाहेर पडलेत. आतल्या खोलीत मफलर खुंटीला दिसत होता. मी चपला उंबऱ्याशी ठेवून आले. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की भाऊ, तुम्ही मला बसा म्हणालात. पहिल्यांदा म्हणालात तेही, आणि त्या दिवशी म्हणालात तेही.

पावसाळा तोंडावर आला होता, बोटी लवकरच बंद होणार होत्या. एका सकाळी मी एक कुटुंब घेऊन टेकडीच्या पुढे गेले होते. उजवीकडे बघितलं, समोर बघितलं, आणि डाव्या अंगानं एक होडी येताना दिसली. वल्ह्याची. आत शेळ्यांसाठी कापलेल्या चाऱ्याचा भारा, आणि मफलर.

इंजिनाची बोट असती तर डाव्या अंगानं येणाऱ्यानं मला वाट द्यायची होती. पण वल्ह्याला वाट असते. मी इंजिन बारीक केलं आणि बोट थांबवली. मागून एकानं विचारलं, ताई, एवढ्याशा होडीसाठी का थांबलात, आपली बोट मोठी आहे की.

माझ्या इंजिनाचा आवाज पडला तशी भाऊंनी मान वळवली. मला ओळखलं, बोट ओळखली. वल्ही पाण्याच्या वर तशीच राहिली. मी बघत होते. आता ते कचरतील, वळवतील, नाहीतर आधी तुम्ही म्हणून थांबतील, असं मला वाटलं आणि माझा पाय त्या भोकात दाबला गेला. लाल फडकं अजून मनगटाला होतं.

मग वल्ही खाली गेली. भाऊंनी होडी ओढली, सरळ. माझ्या पुढून, हाताच्या अंतरावरून नाही पण फार लांबूनही नाही, इकडे तिकडे तसूभरही न होता ते गेले. वल्हं मारणाऱ्याची पाठ पुढे असते. त्यामुळे जसजसे ते लांब गेले तसतसे माझ्याकडे तोंड करूनच गेले. मफलर, दाढी, आणि माझ्यावर ठेवलेली नजर, लहान लहान होत.

मला हात वर करावासा फार वाटला. पण त्यांचे हात वल्ह्यांवर होते, आणि माझे त्यांनी जिथे ठेवायला शिकवले होते तिथे.

त्या पावसाळ्यात ते तळेगावला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. त्या सकाळी होडीमागे पाण्यावर एक सरळ रेघ उरली होती. मागचा माणूस पुन्हा म्हणाला, निघायचं का ताई? मी म्हटलं, जरा थांबा. ती रेघ आपोआप पुसली जाईपर्यंत मी इंजिन वाढवलं नाही.